जीप कोणाची? : एका स्वस्त गाडीच्या खटल्याची पूर्वपीठिका

मराठीत ‘जीप’ हा शब्द कोणा एका कारखान्याच्या मालकीचा कधीच नव्हता. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्या गाड्यांतून ‘वडाप’ चालत आले, त्यांतली एखादी बजाज टेम्पोची ट्रॅक्स असायची, दुसरी महिंद्राची कमांडर. पण टपाच्या दांडीला धरून मागे लोंबकळणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही जीपच. ग्रामीण कथा-कादंबऱ्यांतला साहेब गावात येतो तोही ‘जीपगाडी’तून, आणि त्या गाडीच्या बोनेटवर कोणते नाव कोरलेले आहे हे लेखकाला सांगावेसे वाटत नाही. ‘टेम्पो’ या शब्दाचेही तसेच झाले. एका जर्मन कारखान्याचे नाव आपल्या भाषेने छोट्या मालवाहू गाड्यांच्या सबंध जातीला देऊन टाकले.

भाषा असे खुशाल करते, कायदा करत नाही. ‘जीप’ ही नेमकी कोणाची, तिचे नुसते नाव नव्हे तर तिचे रूपसुद्धा कोणाचे, हा प्रश्न २०१८ ते २०२३ या काळात अमेरिकेत एका सरकारी आयोगापुढे आणि दोन न्यायालयांत लढवला गेला. एका बाजूला होती मुंबईची महिंद्रा अँड महिंद्रा व तिची ‘रॉक्सर’ ही स्वस्त, रस्त्याबाहेर चालवायची गाडी. दुसऱ्या बाजूला ‘जीप’ या मुद्रेची त्या वेळची मालक फियाट क्रायस्लर. वर्तमानपत्रांनी ही बातमी उद्योगपानावर छापली आणि आपल्याकडे तिची चर्चा झाली ती बहुधा ‘आपली कंपनी जिंकली की हरली’ एवढीच. आम्हांला ती बातमी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी अशी वाटते. मूळ संहिता कोणती, नक्कल कोणती, परवानगी घेऊन केलेले रूपांतर किती काळाने स्वतंत्र होते, असे आपल्या वर्गांत नित्य येणारे प्रश्न येथे पोलादाच्या पत्र्यावर लढवले गेले आहेत.

आधी गाडी काय होती ते पाहू. रॉक्सर मार्च २०१८मध्ये बाजारात आली. तिची जुळणी मिशिगन राज्यातील ऑबर्न हिल्स या गावी होत असे; गंमत अशी, की फियाट क्रायस्लरचे अमेरिकेतील मुख्यालयही त्याच गावात. भारतात विकल्या जाणाऱ्या जुन्या ‘थार’ची ही सख्खी बहीण. पोलादी चौकट, पोलादी पत्रा, पाट्याच्या स्प्रिंगा, अडीच लिटरचे ६२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि हाताने बदलायचे पाच गिअर. वजन जवळजवळ १४०० किलो. वेग ताशी ४५ मैलांवर, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरवर, मुद्दाम रोखलेला. सार्वजनिक रस्त्यावर तिला परवानगी नव्हती. ती शेतावर, जंगलात, शिकारीच्या वाटांवर चालवायची गाडी. किंमत पंधरा हजार डॉलरांच्या आसपास. त्याच वर्षी जीप कंपनीची सर्वांत साधी ‘रँग्लर’ सुमारे सत्तावीस हजार डॉलरांना मिळत होती.

या दोन आकड्यांची तुलना करणे सोपे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. रँग्लर घेणारा मनुष्य तीच गाडी घेऊन सोमवारी कचेरीत जातो व रविवारी डोंगरावर जातो. तिला हवेच्या उशा आहेत, टकरीच्या चाचण्या आहेत, धुराची मानके आहेत. रॉक्सर या सगळ्या खर्चातून सुटली, कारण ती रस्त्यावर येणारच नव्हती. तिची खरी स्पर्धा होती दोन माणसे शेजारी बसतील अशा हलक्या, प्लास्टिकच्या अंगाच्या शेतगाड्यांशी, आणि त्यांतल्या कित्येक तिच्याहून महाग होत्या. म्हणजे शेतकऱ्याने किंवा शिकाऱ्याने रॉक्सर तोलायची ती ‘जीप की तिची स्वस्त नक्कल’ या तराजूत नव्हे, तर ‘प्लास्टिक की पोलाद’ या तराजूत. निव्वळ व्यवहाराचा प्रश्न असता तर विषय येथेच संपता.

तो संपला नाही, याचे कारण गाडीचा चेहरा. १ ऑगस्ट २०१८ रोजी फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार दाखल केली. हा आयोग आयात मालाचा विचार करतो. रॉक्सर जरी मिशिगनमध्ये जुळवली जात असली तरी तिचे सुटे भाग भारतातून येत होते, म्हणून ती ‘आयात’ ठरली. तक्रारीचा आशय असा, की चौकोनी पेटीसारखे अंग, उभ्या सपाट बाजू, बोनेटच्या उंचीलाच संपणारा मागचा भाग, पुढे निमुळते होत जाणारे सपाट बोनेट, समलंब आकाराचे चाकांचे कोनाडे, गोल दिव्यांभोवती वळणारी उभ्या खाचांची जाळी, बोनेटच्या बाहेरच्या कड्या आणि कापलेले दरवाजे या सगळ्यांचा मिळून जो ठसा उमटतो तो ‘जीप’चा आहे, आणि तो वापरण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला नाही. अमेरिकी कायद्यात याला ‘ट्रेड ड्रेस’ म्हणतात. मालाने अंगावर घातलेला वेष, असे म्हणू या. नाव चोरले नाही, यंत्राची युक्ती चोरली नाही. चोरला आहे तो वेष, असा हा आरोप.

आता हा वेष मुळात शिवला कोणी, हे पाहायचे तर अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे, पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावी जावे लागते.

१९४०च्या उन्हाळ्यात युरोपात फ्रान्स पडला होता आणि अमेरिकी सैन्याला हेरगिरीसाठी व निरोप पोचवण्यासाठी एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी तातडीने हवी होती. सैन्याने १३५ कारखानदारांना निविदा पाठवल्या. अटी इतक्या कडक आणि मुदत इतकी तोकडी, की गांभीर्याने उत्तर दिले ते दोघांनीच : ओहायोतील टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडने आणि बटलरच्या अमेरिकन बँटमने. प्रत्यक्ष गाडी ठरलेल्या ४९ दिवसांत उभी करून दाखवण्याची तयारी एकट्या बँटमची होती. ही कंपनी जवळपास दिवाळ्यात निघालेली. तिच्याकडे पुरेसे अभियंतेही नव्हते. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या बाहेरच्या अभियंत्याला बोलावून अवघ्या काही दिवसांत आराखडे काढून घेण्यात आले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मुदत संपायच्या आत गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत दाखल झाली. सैन्याला ती पसंत पडली.

पसंत पडली, पण ती बनवणारा पसंत पडला नाही. एवढी लहान, कर्जबाजारी कंपनी युद्धाला पुरतील इतक्या गाड्या देणार कशा, ही सैन्याची शंका. बँटमची गाडी विलिस व फोर्ड यांच्या माणसांना पाहू दिली गेली, तिचे आराखडेही त्यांना देण्यात आले. गाडी सरकारच्या पैशाने झाली तेव्हा आराखडे सरकारचे, असा युक्तिवाद होता. मग तिन्ही कंपन्यांना प्रत्येकी पंधराशे गाड्या करायला सांगितले आणि १९४१मध्ये मोठे कंत्राट दिले गेले ते विलिसला. विलिसच्या इंजिनात ६० अश्वांचे बळ होते, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे : विलिसची बोली सर्वांत कमी होती, दर गाडीमागे सुमारे ७४० डॉलर. आज ‘प्रस्थापित’ म्हणून जिचे नाव घेतले जाते ती मुद्रा बाजारात आली ती दुसऱ्याच्या आराखड्यावर सर्वांत कमी बोली लावून.

फोर्डलाही नंतर विलिसच्या नमुन्याबरहुकूम गाड्या बनवायला लावले. युद्धाअखेर विलिसने साडेतीन लाखांहून अधिक, फोर्डने पावणेतीन लाखांच्या वर गाड्या केल्या. बँटमच्या वाट्याला आल्या अवघ्या सत्तावीसशेच्या आसपास, आणि त्यांतल्याही पुष्कळशा ब्रिटन व सोव्हिएत रशियाकडे रवाना झाल्या. पुढे ज्या उभ्या खाचांच्या जाळीवरून इतके रामायण घडले, ती जाळीसुद्धा विलिसची नव्हे. विलिसच्या पहिल्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पत्र्यातून एका दाबात कापलेली, हलकी व स्वस्त जाळी फोर्डच्या कारखान्यातली. तीत नऊ खाचा होत्या. विलिसने ती उचलली, आणि युद्धानंतरच्या नागरी गाडीला सात खाचा ठेवून स्वतःची खूण केली.

युद्ध चालू असतानाच विलिसने जाहिराती सुरू केल्या, की जीपची निर्मिती आपली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९४३मध्ये त्याविरुद्ध तक्रार नोंदवली, आणि १९४८मध्ये निर्णय दिला : या गाडीची कल्पना बँटमने सैन्याधिकाऱ्यांच्या साहाय्याने साकारली, सबब आपणच ती निर्मिली असे विलिसने सांगू नये. निर्णय स्पष्ट होता, पण उशिरा आला होता. बँटमने तोवर गाड्या करणे सोडून दिले होते. सैन्यासाठी तिने मागे जोडायचे छकडे केले, आणि १९५०च्या दशकात ती कंपनी संपली. १९५०मध्ये ‘जीप’ हे नाव विलिसच्या मालकीचे म्हणून नोंदले गेले. कल्पना कोणाची याचा निकाल एका दिशेने लागला, मुद्रा कोणाची याचा दुसऱ्या. दोहोंत कायद्याला विसंगती दिसली नाही.

आणि बँटम तरी मूळ पुरुष म्हणावी का? ही कंपनी मुळात ‘अमेरिकन ऑस्टिन’ म्हणून जन्मली होती. इंग्लंडच्या ऑस्टिनची ‘सेव्हन’ ही चिमुकली, स्वस्त गाडी परवाना घेऊन अमेरिकेत बनवणे हा तिचा धंदा. तो बुडाला, तेव्हा नव्या मालकाने नवे नाव दिले. ज्याला मूळ म्हणून बोट लावावे तो स्वतःच एक परवानाधारक निघतो. मराठी रंगभूमीच्या इतिहासात आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) किंवा देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) शिकवताना ‘मग मुळात हे नाटक कोणाचे?’ असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतो, आणि शेक्सपिअरनेही कथा दुसरीकडून घेतल्या होत्या हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती आम्हांला येथे आठवते.

युद्धानंतर जगभर उरलेल्या जीपगाड्या स्वस्तात विकल्या गेल्या, आणि त्यांतून आजच्या बहुतेक ‘प्रस्थापित’ गाड्या जन्मल्या. वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरील आपल्या शेतात मॉरिस विल्क्स सैन्याची जुनी विलिस वापरत असे. तो रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता. ती खिळखिळी झाल्यावर तिच्याजागी काय घ्यावे याचे उत्तर मिळेना, तेव्हा त्याने जीपच्याच चौकटीवर पहिला नमुना उभा केला. १९४८च्या एप्रिलअखेरीस ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ‘लँड रोव्हर’ मांडली गेली. तिचे अंग ॲल्युमिनियमचे होते. ती चैन नव्हती, पोलाद शिधापत्रिकेवर मिळत होते म्हणून. जपानात टोयोटाने १९५१मध्ये आपली गाडी ‘टोयोटा जीप’ याच नावाने काढली. विलिसने नावाला हरकत घेतली, आणि १९५४मध्ये तिचे बारसे पुन्हा झाले : ‘लँड क्रूझर’. पुढे ऑस्ट्रेलियातील स्नोई पर्वतांतल्या जलविद्युत योजनेवर या जपानी गाड्या आल्या तेव्हा त्याही स्वस्त, परक्या आणि संशयास्पदच होत्या. तेथे लँड रोव्हर ही प्रस्थापित. वीसेक वर्षांत पारडे फिरले. आता ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात लँड क्रूझर हाच जुना, भरवशाचा आणि महाग पर्याय समजला जातो.

प्रत्येक स्वस्त गाडीचे असे सोने झाले, असे मात्र समजू नये. सुझुकीची छोटी ‘सामुराई’ १९८५मध्ये अमेरिकेत उतरली आणि झपाट्याने खपली. १९८८मध्ये तेथील एका ग्राहक नियतकालिकाने तिला अस्वीकारार्ह ठरवले. वळणावर ती उलटण्याचा धोका फार, हा निष्कर्ष. सुझुकीने पुढे चाचणीच्या प्रामाणिकपणालाच आव्हान देत दावा केला आणि २००४मध्ये तडजोड झाली. खरेखोटे काही असो, त्या गाडीचे अमेरिकेतले आयुष्य तेथेच खुंटले. तिची सख्खी बहीण ‘जिप्सी’ आपल्याकडे सैन्यात, पोलिसांत आणि अभयारण्यांत तीन दशकांहून अधिक काळ राबली. नाव प्रस्थापित नसेल तर एक ठपकाही जड जातो. प्रस्थापित नावाला असे कित्येक ठपके पचतात. खरेदीदार जो जास्तीचा पैसा मोजतो तो पुष्कळदा या पचनशक्तीचा असतो, आणि तो वायाच जातो असे नाही. सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील का, विकताना किंमत येईल का, या प्रश्नांची उत्तरेही त्या नावातच साठवलेली असतात.

भारतात जीप आली ती दोन वाटांनी. एक वाट बदनामीची. १९४८मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा सौदा केला. गाड्या नव्या नव्हत्या, दुरुस्त करून द्यायच्या जुन्या होत्या. पोचल्या त्या १५५. ज्या आल्या त्याही सैन्याच्या कामाच्या नाहीत, असा बोभाटा झाला, चौकशी झाली, आणि १९५५मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. १९५६मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खरेदी-घोटाळा म्हणून ‘जीप प्रकरणा’चे नाव राहिले. स्वस्त आयात गाड्यांच्या इतिहासात हे प्रकरण सहसा कोणी मोजत नाही. आमच्या मते मोजायला हवे.

दुसरी वाट माझगावची. १९४५मध्ये जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. येथे १९४८मध्ये कंपनीच्या नावात दुसरेही ‘महिंद्रा’ आले. विलिसशी करार करून चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून सुट्या भागांच्या पेट्या मुंबई बंदरात उतरू लागल्या आणि माझगावात त्यांची जुळणी होऊ लागली. हळूहळू एकेक भाग येथे बनू लागला. कांदिवली, मग नाशिक अशी कारखान्यांची वाढ झाली. पुढे फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन त्याच जुन्या अंगात बसले. हे सारे उघड, कराराने आणि पैसे मोजून. नक्कल या शब्दात जी चोरी अभिप्रेत असते ती येथे नव्हती.

रूप मात्र बदलले नाही. आमच्या मते या सबंध कहाणीतली सर्वांत लक्षणीय गोष्ट तीच आहे, आणि खटल्यात तिला पुरेसे महत्त्व मिळाले नाही. अमेरिकेत जीपचे मालक बदलत गेले : १९५३मध्ये कैसर, १९७०मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७मध्ये क्रायस्लर, मग डाइम्लर, मग फियाट; २०२१पासून स्टेलांटिस. मालकांबरोबर गाडीही बदलली. १९८७च्या पहिल्या ‘रँग्लर’ला तर चक्क चौकोनी दिवे होते. ज्या गोल दिव्यांच्या चेहऱ्यावर २०१८मध्ये हक्क सांगितला गेला, तो चेहरा जवळजवळ दहा वर्षे मालकाने स्वतःच टाकून दिला होता; रसिकांनी नाके मुरडली तेव्हा १९९७च्या गाडीला गोल दिवे परत आले. त्या काळात कांदिवलीत आणि नाशकात जी गाडी निघत होती तिचे दिवे गोलच होते, बोनेटच्या कड्या बाहेरच होत्या आणि बाजू सपाटच होत्या.

हा निष्ठेचा चमत्कार होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बंद अर्थव्यवस्थेत नवे साचे परवडत नव्हते, गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नव्हता. जुने रूप टिकले ते दारिद्र्याने आणि परमिटाने. पण टिकले. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकरांनी सर्वांत अधिक वजन दिले ते काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांना. एका कोपऱ्यात राहिल्यामुळे तेथे भर कमी पडली, आणि संहिता त्यातल्या त्यात शुद्ध राहिली. मुंबई-नाशिकची जीप ही या अर्थाने काश्मीरची पोथी होती. टोलेडोत नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. येथे जुना पाठ नकलून काढण्याचे काम चालू राहिले.

मग २०१८मध्ये हाच जुना पाठ सुट्या भागांच्या पेट्यांत बसून उलट दिशेने, मुंबईकडून मिशिगनकडे निघाला, आणि तेथे तो नक्कल ठरला. नोव्हेंबर २०१९मध्ये आयोगाच्या न्यायाधीशाने निष्कर्ष काढला, की रॉक्सरने जीपच्या नोंदणीकृत चिन्हांचा भंग केलेला नाही, मात्र तिच्या वेषाचा केला आहे. महिंद्राने २००९मधील एक करार पुढे केला होता. ठरावीक प्रकारची जाळी लावली तर हरकत घेणार नाही असे तेव्हाच्या क्रायस्लरने मान्य केले होते, हा तिचा दावा. तो आधार पुरला नाही. ११ जून २०२० रोजी आयोगाने त्या रूपातील रॉक्सर आणण्यास व विकण्यास बंदी घातली.

आम्हांला हा निकाल कायद्याच्या चौकटीत चुकीचा वाटत नाही. वेषाचा कायदा जन्मदाता शोधत बसत नाही. आज हा वेष पाहून गिऱ्हाइकाच्या मनात कोणाचे नाव येते, एवढेच तो विचारतो. आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या मनात ‘महिंद्रा’ हे नाव येत नव्हते. शिवाय महिंद्राची बाजू निर्मळ होती असेही नाही. विलिसशी असलेले आपले जुने नाते ती कंपनी विक्रीसाठी अभिमानाने सांगत होती. म्हणजे त्या चेहऱ्याची ओढ तिला हवी होती, भाडे तेवढे द्यायचे नव्हते. परवाना म्हणजे मालकी नव्हे, हे सत्तर वर्षे परवान्यावर काम केलेल्या घराला कोणी सांगायला नको होते. याच कंपनीने त्याआधी एका अमेरिकी वितरकाच्या साहाय्याने आपल्या पिकअप गाड्या तेथे उतरवण्याचा घाट घातला होता आणि तो भांडणात विरून गेला होता. म्हणजे बाजार अनोळखी नव्हता, त्याच्या रीतीही नव्हत्या.

आमचा आक्षेप निकालाला नाही, त्याच्याबरोबर आलेल्या भाषेला आहे. आपल्याकडच्या आणि तिकडच्या लिखाणात रॉक्सर ही ‘स्वस्त भारतीय नक्कल’ आणि रँग्लर ही ‘अस्सल’ असे विभाजन सहज रूढ झाले. आपल्या पत्रकारांनीही ते विनातक्रार उचलले. अस्सल म्हणजे काय? जन्माने पाहिले तर अस्सल बटलरची. पाठाच्या शुद्धतेने पाहिले तर नाशिकची गाडी टोलेडोच्या गाडीहून जुन्या संहितेला जवळ. उरते ते नोंदणीचे अस्सलपण, आणि ते विकत घेता येते. पाच-सहा मालकांनी ते घेतलेच. ‘स्वस्त’ या विशेषणाचेही तसेच. विलिस सर्वांत स्वस्त होती म्हणून निवडली गेली. लँड क्रूझर स्वस्त होती. स्वस्ताई हा गाडीचा स्वभाव नसतो, ती तिच्या आयुष्यातली एक अवस्था असते. आणि त्या अवस्थेत असताना दुसऱ्याचा वेष घालण्याचा मोह बहुतेकींना झाला आहे, टोयोटालासुद्धा.

पुढचा इतिहास थोडक्यात. महिंद्राने रॉक्सरचा चेहरा बदलला : उभ्या खाचा गेल्या, आडवे नाक आले. डिसेंबर २०२०मध्ये आयोगाने हे नवे रूप निर्दोष ठरवले. मिशिगनच्या संघीय न्यायालयानेही तेच मानले. पण २०२२मध्ये वरच्या न्यायालयाने प्रकरण परत पाठवले, कारण अमेरिकी कायद्यात ‘सुरक्षित अंतरा’चा एक नियम आहे : जो एकदा अतिक्रमण करताना सापडला त्याने पुढच्या वेळी इतरांपेक्षा अधिक दूर राहावे, हा नियम येथे लागू होतो का ते तपासा, असे ते म्हणाले. निष्पाप माणसाला जेवढे जवळ जाता येते तेवढे सापडलेल्याला जाता येत नाही. वाङ्मयचौर्याच्या प्रकरणांत आपल्या विद्यापीठांनी हा नियम लावला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. २०२३च्या जुलैमध्ये मिशिगनच्या न्यायालयाने पुन्हा तपासून नव्या रूपातील रॉक्सरवर बंदी घालण्यास नकार दिला.

बटलर गावात २०११पासून दरवर्षी ‘बँटम जीप’च्या नावाने उत्सव भरतो. पहिल्याच वर्षी हजाराहून अधिक जीपगाड्यांची मिरवणूक गावातून निघाली. आलेल्या जवळजवळ सर्व गाड्यांच्या जाळीला सात खाचा होत्या.